अक्काच्या मागचा नंबर

“आधी वाचनालय,” अक्का म्हणाली आणि एक पाय मोटारीत, एक पाय रस्त्यावर अशी उभी राहिली.

“अक्का, आपण मिरजेला निघालोय. दवाखान्यात.”

“मला ठाऊक आहे कुठं निघालोय ते. आधी वाचनालय, मग मिरज. नाहीतर ही मी निघाले घरात.”

भाड्याच्या अँबेसिडरचं इंजिन सुरू होतं. शिवाप्पा ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं आणि गपचूप किल्ली फिरवून ते बंद केलं. आमच्या अक्काला तो चांगला ओळखून होता.

अक्का म्हणजे माझी आई. घरातली थोरली सून, म्हणून दीर-नणंदा तिला अक्का म्हणायच्या. ते ऐकून आम्ही पोरंही तेच म्हणायला लागलो. जयसिंगपूरच्या आठव्या गल्लीत ती एकटी राहायची. मी सांगलीला, भाऊ भरतेश पुण्याला. तिच्या पोटात गाठ निघाली होती, नारळाएवढी. आता उशीर केला तर ती आतल्या आत फुटेल आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी बाई महिने न् महिने ढिम्म हलत नव्हती. का, ते आम्हाला ठाऊक होतं, पण कुणी बोलत नव्हतं. आमचे वडील, आण्णा, ऑपरेशनसाठी मिरजेलाच गेले होते. ते घरी आले ते अँब्युलन्समधून, चादरीखाली.

मी रडले, भांडले. भरतेशनं पुण्यात बसून फोनवरून उंटावरून शेळ्या हाकल्या. काही उपयोग नाही. आणि मग एका संध्याकाळी तिचं तीच म्हणाली, “बरं. जाऊया.” मोटार दारात आली त्या दिवशी दुपारी बाराच्या आत भरती व्हायचं होतं. सर्जन दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन करून परगावी जाणार होते. ही वेळ चुकली की पुढची पंधरवड्यानं, आणि गाठ पंधरवडा थांबेल अशी हमी कुणी देत नव्हतं. असं सगळं असताना बाईला वाचनालय सुचत होतं!

“वाचायलाच हवंय ना तुला? हे बघ.” मी पिशवी उघडली. सांगलीच्या दुकानातून तिच्यासाठी मी तीन कोरी करकरीत पुस्तकं आणली होती. “मोठ्या टायपातली आणलीयत. डोळ्यांना त्रास नको म्हणून.”

अक्कानं एक उचललं, मागं-पुढं बघितलं, कव्हरावरून हात फिरवला आणि परत पिशवीत ठेवलं.

“छान आहेत. आल्यावर ठेव कपाटात, आण्णांच्या शेजारी.”

म्हणजे आण्णांच्या पुस्तकांच्या कपाटात. आण्णांना पुस्तकं विकत घ्यायचं भारी वेड. वाचनालयाचं पुस्तक त्यांना चालायचं नाही. दहा जणांनी हाताळलेलं, कुणी आमटी सांडलेलं, कुणी थुंकी लावून पानं उलटलेलं, शी! अक्का बरोबर उलटी. घरात काचेचं कपाट गच्च भरलेलं असताना ही संध्याकाळचं जेवण दिवस बुडायच्या आत उरकून पिशवी घेऊन वाचनालयात निघायची. आण्णा चेष्टेनं म्हणायचे, “घरात गाय असून शेजारी ताक मागायला निघाली बघा.”

“तुला ही नकोत?”

“विकतचं नको. वाचनालयाचं पाहिजे. आणि तेपण कुठलंही नको.”

आता मात्र माझं डोकं फिरलं. पण गाडीत बसवायची तर हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी म्हटलं, “शिवाप्पा, घे वाचनालयाकडं.”

वाचनालय नुकतंच उघडलं होतं. ग्रंथपाल चौगुले फडक्यानं टेबल पुसत होते. अक्का पायरी चढली, दम खाल्ला आणि दारातूनच विचारलं, “चौगुले, विहिरीची आली का?”

त्या वर्षी एक जाडजूड कादंबरी आली होती. तिचं खरं नाव कुणी घ्यायचं नाही. कव्हरावर विहिरीचं चित्र होतं म्हणून सगळं गाव तिला ‘विहिरीची’ म्हणायचं. पहिल्याच प्रकरणात एक सून घरातून नाहीशी होते, विहिरीच्या काठावर तिची चप्पल सापडते, आणि पुढं तीनशे पानं विहिरीत कोण आहे याचा घोळ. वाचनालयात प्रत एकच. त्यामुळं नंबर लावायचा, आपली पाळी येईपर्यंत वाट बघायची, आणि ज्याचं वाचून झालंय त्यानं शेवट सांगू नये म्हणून रस्त्यात त्याला चुकवायचं, अशी गावाची अवस्था होती.

“मुजावर पोस्टमास्तरांकडं आहे, अक्का,” चौगुले म्हणाले. “त्यांच्यानंतर तुमचाच नंबर.”

“आणि माझ्यामागं?”

“काय?”

“माझ्यामागं कोण आहे का नंबरात?”

“आहेत की! कुंभोजे टीचर आहेत. रोज शाळा सुटली की विचारून जातात. त्यांच्यामागं आणखी दोघं-तिघं.”

अक्काचं तोंड असं उजळलं, जसं काही चांगलं स्थळ सांगून आलंय. ती भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसली. “मग थांबते मी.”

“थांबते? कुणासाठी थांबते? अगं, पोस्टमास्तर आज येतील, उद्या येतील, नाहीतर चार दिवसांनी येतील! चौगुले, तुम्ही तरी सांगा हिला.”

चौगुल्यांना मी कोपऱ्यात घेऊन दवाखान्याचं सांगितलं. भला माणूस, लगेच कपाटाकडं धावला आणि एक पुस्तक घेऊन आला. “अक्का, हे न्या. फार गोड कादंबरी आहे. तुमची वाचायची राहिलीय.”

“हिच्यामागं कुणी आहे?”

“छे हो, जुनी आहे. कोण विचारतंय हिला! महिना ठेवा, दोन महिने ठेवा, चालतंय.”

“मग नको.”

चौगुले माझ्याकडं बघायला लागले, मी चौगुल्यांकडं. घड्याळाचा काटा काही कुणाकडं बघत नव्हता.

“त्रिशला,” अक्का बाकावरून म्हणाली, “का ओरडालीस? मुजावरांचं घर मागच्याच गल्लीत आहे. जा की विचारून ये.”

मी गेले. पाय आपटत गेले. मुजावर पोस्टमास्तर ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. छातीवर तीच कादंबरी उघडी, शेजारी स्टुलावर तपकिरीची डबी. पांढरी दाढी, जाड भिंगांचा चष्मा. मी मगदूम अक्कांची मुलगी, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

“म्हणजे वेलदोडेवाल्या अक्का?”

“वेलदोडेवाल्या?”

“अगं बेटी, त्यांच्याकडून आलेल्या पुस्तकात वेलदोड्याचं टरफल असतंय. खुणेला ठेवत असतील आणि काढायचं विसरत असतील. मी घरात म्हणतो, हे पुस्तक आता चहातच घालूया.”

“मग तुम्हीच ते तपकीरवाले! तुमच्याकडून आलेलं पुस्तक उघडलं की अक्का शिंकून शिंकून बेजार होते.”

ते मोठ्यानं हसले. इतकी वर्षं एकाच वाचनालयाची पुस्तकं ही दोघं वाचत होती आणि एकमेकांना बघितलं नव्हतं. ते सकाळी पेपर वाचायला जायचे, ती संध्याकाळी. वासावरून तेवढी ओळख.

“काका, ते पुस्तक द्या. अक्काचा नंबर आहे.”

त्यांनी कादंबरी दोन्ही हातांनी छातीशी धरली. “शेवटचं प्रकरण राहिलंय, बेटी. पावसाळ्यात नंबर लावलाय मी, आता उन्हाळा आला. आज दुपारी संपतंय. संध्याकाळी स्वतः नेऊन देतो.”

“संध्याकाळी नको!” मी ओरडलेच. “संध्याकाळी काय उपयोग? तिला मिरजेला न्यायचंय, पोटाचं ऑपरेशन आहे, बाराच्या आत पोचलो नाही तर तो डॉक्टर निघून जाईल. आणि ती तिथं बाकावर बसलीय हट्टानं! हे पुस्तक हातात पडल्याशिवाय उठत नाही म्हणते. माझे वडील तिथूनच परत आले नाहीत, काका. आता हिचं काय करू मी? उचलून टाकू गाडीत?”

आणि मग मला रडू फुटलं. परक्या माणसाच्या ओसरीवर, सकाळच्या पारी. लाज वाटली, पण थांबवता येईना.

मुजावर खुर्चीतून उठले. पुस्तक मिटलं, खुंटीवरची टोपी घातली, डबी खिशात टाकली. “चला,” म्हणाले.

वाचनालयात त्यांनी आधी पुस्तक चौगुल्यांच्या टेबलावर ठेवलं. रीत म्हणजे रीत. चौगुल्यांनी त्यांचं जमा केलं, अक्काच्या नावावर चढवलं. मगच अक्का उठली.

“अक्का,” मुजावर म्हणाले, “शेवटचं प्रकरण मी वाचलेलं नाही. तुम्ही वाचा आणि मला येऊन सांगा. विहिरीत कोण आहे ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ऐकायचा नाही.”

“येऊन सांगू?”

“येऊन. निरोप चालणार नाही.”

अक्कानं पुस्तक उचललं. “बरं,” म्हणाली.

चौगुल्यांनी डोकं खाजवलं. “नंबराचं पुस्तक आठवड्यात परत यावं लागतंय. पण टाके निघेपर्यंत मी कुंभोजे टीचरना थोपवतो. त्रिशलाताईंच्या हाती पाठवलंत तरी चालेल.”

“नाही,” अक्का म्हणाली. “मी घेतलंय, मीच आणून देणार.”

मला वाटलं, झालं एकदाचं, गंगेत घोडं न्हालं. गाडीत बसलो, शिवाप्पानं किल्ली फिरवली, अक्कानं मांडीवरचं पुस्तक उघडलं आणि दणदणीत शिंकली.

शिवाप्पानं गाडी बंद केली. तोंड पडलं त्याचं. “अक्का, निघताना शिंक झाली. जरा खाली उतरा, पाणी प्या, मग निघू. असल्या कामाला जाताना...”

माझाही हात दाराच्या कडीकडं गेला. खोटं कशाला सांगू.

“चल रे!” अक्का नाक पुसत म्हणाली. “अपशकुनाची शिंक नाही ही. मुजावरांच्या तपकिरीची आहे. चल, पोरीचा जीव अर्धा झालाय.”

वेळेत पोचलो. तपासण्या, सुया, सह्या, सगळं झालं. अक्का मात्र खाटेवर मांडी घालून वाचत बसलेली. मध्ये वाचायची, मध्ये शिंकायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईला गोष्ट सांगायची. मी मनात म्हटलं, वाचू दे, तेवढाच विसर.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्ट्रेचर आलं. अक्कानं पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. आत वेलदोड्याचं टरफल होतं, शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी.

“अगं, एवढंच राहिलंय? वाचून टाकायचं नाही का?”

“असू दे. सांभाळ. पान दुमडू नकोस.”

दार बंद झालं.

भरतेश पहाटेच्या गाडीनं आला होता. तो फेऱ्या घालत होता, मी बाकावर बसले होते. णमोकार मंत्र म्हणत होते, पण मध्येच ओळ चुकायची, परत पहिल्यापासून. मांडीवर ते पुस्तक. एकदा वाटलं, उघडावं आणि बघावं विहिरीत कोण आहे ते. टरफलापर्यंत बोट गेलंसुद्धा. पण आत कुणाचं प्रेत निघालं तर? त्या घडीला मला कुठल्याच विहिरीत वाकून बघायचं नव्हतं. मी पुस्तक घट्ट मिटून धरलं. तपकिरीचा वास नाकात गेला, मलाच शिंक आली, आणि दवाखान्यातली माणसं वळून बघायला लागली.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी तोंडावरचा कपडा काढला. हसत होते.

“निघाली. अख्खी निघाली, आत काही पसरलेलं दिसत नाही. तपासायला पाठवतोय, पण माझं मन सांगतंय की साधीच आहे. आई तुमच्या टणक आहेत.”

भरतेश भिंतीला टेकून खाली बसला, पोरासारखा. मी डॉक्टरांच्या पाया पडायला वाकले, ते मागं सरले, सगळाच गोंधळ. आज इतक्या वर्षांनीही तो क्षण आठवला की मी जिथं असेन तिथं एक मोठा श्वास सोडते.

दुसऱ्या दिवशी अक्काला नीट बोलता यायला लागलं. पहिला प्रश्न काय, तर “पुस्तक कुठाय?”

“आहे. उशाला आहे.”

“शेवट वाचलास?”

“नाही.”

“मीपण नाही. मुद्दाम ठेवलाय.”

“अक्का,” मी म्हटलं, “आता तू बरी आहेस, म्हणून विचारते. एवढा छळ का केलास गं माझा? तीन नवी पुस्तकं होती. तेच पुस्तक का पाहिजे होतं?”

ती वर पंख्याकडं बघत होती.

“आण्णांच्या कपाटात वरच्या फळीवर डाव्या हाताला एक निळं पुस्तक आहे. त्यात बसचं तिकीट घातलंय खुणेला. मिरजेला यायच्या आदल्या दिवशी वाचत होते. ‘आल्यावर बघू’ म्हणाले आणि ठेवलं. मी ते दर दिवाळीला पुसते. तिकीट अजून तिथंच आहे.”

मी तिच्या खाटेच्या कडेला सरकले.

“त्या पुस्तकाला कोण विचारायला आलं? ‘मगदूम, वाचून झालं का, आमचा नंबर आहे,’ असं कोण म्हणालं? घरचं पुस्तक लई सोशीक असतंय गं. माणूस नाही आलं तरी गप बसून राहतंय.” तिनं माझा हात चाचपला. “मला भीती वाटत होती, त्रिशला. लई वाटत होती. तुम्हाला कसं सांगू? मग विचार केला, असं पुस्तक घेऊन जायचं, ज्याच्यामागं माणसं थांबलीयत. ती टीचर रोज विचारायला येते. मुजावर शेवट ऐकायला बसलेत. एवढ्या लोकांना खोळंबून ठेवून जाता येतंय होय? मला परत यायलाच पाहिजे होतं की.”

मी तिच्या हातावर डोकं ठेवलं. तिनं माझे केस सारखे केले आणि म्हणाली, “रडू नकोस. पुस्तकावर पाणी पडेल. दुसऱ्याचं आहे ते.”

गाठीचा रिपोर्ट आला. साधी. टाके निघाले. निघायच्या दिवशी शिवाप्पानं गाडी दवाखान्याच्या पायरीला आणून लावली आणि मला विचारलंच नाही. थेट वाचनालयात नेली.

मुजावर बाकावर बसून होते. चौगुल्यांनी निरोप दिला असणार. टेबलाशी कुंभोजे टीचर पिशवी घेऊन उभ्या. अक्का भरतेशच्या आधारानं पायरी चढली तसे सगळे पुढं आले.

“सांगा, अक्का,” मुजावर म्हणाले. “कोण आहे विहिरीत?”

“मला तरी कुठं ठाऊक आहे? मी शेवट वाचलाच नाही.”

“आं? आणि आता?”

आता पंचाईत. पुस्तक जमा केलं की ते टीचरच्या हातात जाणार, मग त्यांच्यामागच्या नंबरांकडं. या दोघांची पाळी पुढच्या पावसाळ्यात. चौगुले नियमाला पक्के. अक्कानं पुस्तक टेबलावर ठेवलंच नाही. बाकावर बसली, टरफल काढलं आणि म्हणाली, “टीचर, एवढं एक प्रकरण दम धरा. मुजावर, ऐका.”

“अहो, थांबा, मला शेवट ऐकायचा नाही!” टीचरनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि बाहेर पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

अक्का मोठ्यानं वाचायला लागली. भिंतीवर ‘शांतता राखा’ची पाटी होती. चौगुल्यांनी पाटीकडं बघितलं, अक्काकडं बघितलं आणि आपलं स्टूल जवळ ओढलं. पेपर वाचणाऱ्यांनी पेपर खाली ठेवले. शिवाप्पा दारात येऊन उभा राहिला.

ती सून विहिरीत पडलेलीच नव्हती. चप्पल काठावर सोडून, अनवाणी चालत दुसऱ्या गावाला गेली होती, तिथं शिकून नर्स झाली होती. शेवटच्या पानावर ती गावात परत येते, त्याच विहिरीचं पाणी स्वतःच्या हातानं शेंदते आणि ओंजळीनं पिते. संपलं.

“हात्तिच्या!” मुजावर म्हणाले. “म्हणजे विहिरीत कुणीच नव्हतं?”

“कुणीच नाही.”

“मग एवढे महिने आम्ही उगीचच जीव टांगणीला लावला?”

“बरं झालं की हो,” अक्का म्हणाली. “कुणी निघालं असतं, तर बरं वाटलं असतं का?”

मुजावरांनी चष्मा काढून पुसला. मग मान हलवली, खिशातून डबी काढली आणि आनंदाच्या भरात चिमूटभर तपकीर ओढली. अक्का शिंकली. एकदा, दोनदा. “आई गं, माझे टाके!” असं म्हणत पोट दाबून धरून ती हसायला लागली, हसता हसता परत शिंकली. भरतेश घाबरून पुढं झाला, पण मी त्याला थांबवलं. शिंकू दे म्हटलं तिला. पोटभर शिंकू दे.

“संपलं का? येऊ का आत?” बाहेरून टीचर ओरडल्या.

अक्कानं डोळे पुसले आणि विहिरीची चौगुल्यांच्या हातात दिली. टीचर आत आल्या आणि त्यांनी ती जवळजवळ हिसकावूनच घेतली.

“आता तुम्हाला कुठलं देऊ, अक्का?” चौगुल्यांनी विचारलं. “विश्रांतीच आहे आता. एखादं निवांत द्या म्हणत असाल तर कपाटात पुष्कळ आहेत. सावकाश वाचा, परत करायची घाई नाही.”

“सावकाश नको,” अक्का म्हणाली. “ज्याच्यामागं कुणीतरी थांबलंय, असलं द्या.”